नमुना खरा, माल खोटा: लोकरीच्या कपड्यांवरील सजावटीच्या सामानातील फसवणूक

हाताने विणलेल्या लोकरीच्या कपड्यांवर लावायची बटणे, लेस आणि मणी विकणाऱ्या, समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याने माझी जी फसवणूक केली, तिची पद्धत इतकी सरावलेली होती की ती माझ्या एकटीसाठी योजलेली नसणार, हे उघड आहे. म्हणूनच घरी बसून बारशाच्या कुंच्या, स्वेटर-टोपड्यांचे जोड आणि शाली विणून देणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनी हा अनुभव सविस्तर वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार अजून प्रलंबित आहे आणि तो नाव बदलतही असतो; पद्धत मात्र तीच राहते.

हे काम न करणाऱ्यांना लेसचा प्रश्न किरकोळ वाटतो. कुंचीच्या कडेला लागणारी लेस थोडीशी, तिची किंमतही फारशी नाही. पण ती ज्या विणीवर बसते ती मेरिनो लोकर महाग असते, आणि त्याहून महाग असतात ते विणण्यात गेलेले दिवस. चुकलेली वीण उसवून पुन्हा विणता येते, परंतु लेसचा रंग लागलेली लोकर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. लोकर हा प्राणिज तंतू असल्यामुळे कच्चा रंग ती सुतापेक्षा कितीतरी लवकर शोषून घेते आणि घट्ट धरून ठेवते. त्यामुळे सुती झबल्यावरून दोन धुण्यांत निघून जाणारा डाग लोकरीच्या कुंचीवर कायमचा राहतो. सजावटीचे सामान खोटे निघाले, तर नुकसान त्या सामानाच्या किमतीपुरते राहत नाही, ते असे.

एरवी मी असले सामान पुण्यात रविवार पेठेतून आणते, कारण तेथे लेस हातात घेऊन, ताणून, उजेडात धरून पाहता येते. या वेळी मला खऱ्या शिंपल्याची लहान बटणे आणि पक्क्या कुंकवाच्या रंगाची अरुंद लेस हवी होती, आणि त्या मापात ती मिळाली नाही. या विक्रेत्याच्या पानावर दोन्ही होते. बोलणे अत्यंत अदबीचे. ‘ताई, आधी नमुना मागवा, धुऊन बघा, मगच ऑर्डर द्या,’ असे त्याने स्वतःहून सांगितले, आणि याच वाक्यावर त्याचा सारा व्यवहार उभा आहे, असे आता म्हणावे लागते.

नमुना आला तो निखळ खरा होता. बटणे गालाला लावली तर थंड लागत होती, मागच्या बाजूने प्रत्येकाचा रंग आणि थर वेगळा होता. लेस मी साबणाच्या कोमट पाण्यात पांढऱ्या लोकरीच्या तुकड्यासोबत भिजवून ठेवली, मग ओली असतानाच पांढऱ्या फडक्याखाली दाबली. रंग तिळभरही उतरला नाही. ती लेस लावलेल्या एका कुंचीचे छायाचित्र त्याने आग्रहाने मागून घेतले. त्यानंतर मी बारशांच्या हंगामापुरते सामान एकदम मागवले. ज्या मंचावर त्याचे पान होते, तेथील खरेदीच्या सोयीतून पैसे न देता थेट यूपीआयने दिल्यास दहा टक्के सूट मिळेल, असे त्याने सांगितले. ही सूट म्हणजे काय, ते पुढे कळले. मंचामार्फत दिलेल्या पैशांना परताव्याचे जे संरक्षण असते, ते या सुटीच्या बदल्यात काढून घेतले जाते.

माल आला तेव्हाही मी तो तपासला. लेसच्या गुंडाळीचे टोक कापून पुन्हा भिजवले. रंग पक्का निघाला. बटणांच्या पुठ्ठ्यावरील वरच्या ओळीतले एक बटण काढून पाहिले. ते शिंपल्याचेच होते. फसवणुकीचे खरे कसब येथे आहे. गुंडाळीचे वरचे काही वेढे चांगल्या लेसचे होते, त्यांच्या आत बारीक पारदर्शक चिकटपट्टीने जोड दिलेला होता, आणि जोडानंतरची लेस त्याच विणीची, जवळजवळ त्याच छटेची, पण कच्च्या रंगाची होती. बटणांच्या पुठ्ठ्यावर फक्त वरची ओळ शिंपल्याची, खालच्या सगळ्या ओळी मोत्यासारखी चकाकी दिलेल्या प्लास्टिकच्या. तपासणारी बाई कोठे हात घालील, हे ओळखूनच हा माल बांधलेला होता.

विणलेला प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी मी कोमट पाण्यात भिजवते, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि आकारात पसरून वाळवते. त्याशिवाय वीण नीट बसत नाही. सायीच्या रंगाची कुंची अशी पाण्यात घातली तेव्हा आधी पाणी किंचित गुलाबी झाले आणि मग लेसच्या शिलाईशेजारच्या टाक्यांत रंग चढताना दिसू लागला. गळ्यापाशी, जेथे लेस दुमडून दुहेरी शिवली होती, तेथे तो सर्वांत गडद होता; तेथून सुलट टाक्यांच्या उभ्या रांगांमधून तो वर सरकला होता, उलट टाक्यांच्या खाचांत साचला होता. ताबडतोब गार पाण्यात खळबळूनही लोकर फिकट गुलाबीच राहिली. त्याच जोडातल्या स्वेटरच्या बटणपट्टीवरील बटणांची चकाकी कडेने सुटली होती आणि नखाने धरताच पापुद्रा निघून आला. हे बटण बाळाच्या तोंडात जाते. आपला स्वेटर चघळत नाही असे तान्हे मूल मी पाहिलेले नाही, आणि या एका गोष्टीसाठी मला त्या विक्रेत्याचा जितका संताप आला, तितका पैशांसाठी आला नाही.

मण्यांचा प्रकार वेगळा होता. शालीच्या काठाला मी मणी विणतानाच घालते, म्हणजे ते आधी लोकरीत ओवून ठेवायचे आणि लागेल तसा एकेक पुढे सरकवायचा. या पद्धतीत शेवटचा मणी लोकरीवरून खूप लांब घासत जातो, त्यामुळे भोकाची कड गुळगुळीत असणे हे रंगाहूनही महत्त्वाचे असते. ‘काचेचे, आतून चांदीचा मुलामा दिलेले’ म्हणून आलेल्या मण्यांच्या कडा इतक्या धारदार होत्या की लोकरीचे तंतू जागोजाग सुटून वर आले, ओळीच्या मध्यावर धागा तुटला आणि बोटांना राखाडी रंग लागला. शिवाय ८ नंबरच्या मण्यांत ६ आणि ११ नंबरचे मिसळलेले होते. नंबर जितका मोठा तितका मणी लहान: ६ नंबरचा सुमारे ४ मिलिमीटर, ८ नंबरचा ३, तर ११ नंबरचा जेमतेम २, आणि शालीच्या लोकरीवर ११ नंबरचा मणी चढतच नाही.

विक्रेत्याला मी छायाचित्रे पाठवली. प्रथम त्याने लोकरच खराब असल्याचे सांगितले, मग पाणी गरम होते असे ठरवले, मग पाकीट उघडतानाची चित्रफीत मागितली, आणि शेवटी ‘कापलेला माल परत होत नाही’ असे कळवून माझा क्रमांक बंद केला. त्याआधीचे त्याचे एक वाक्य मुद्दाम नोंदवते, कारण ते ऐकून अनेक जणी गप्प बसत असतील: ‘तुम्ही धंद्यासाठी माल घेतला आहे, तुम्ही ग्राहक नाही, तुम्हाला तक्रार करता येत नाही.’ हे धादांत दिशाभूल करणारे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येतून व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे. पण त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणे हा व्यापारी हेतू धरला जाणार नाही. घरी विणून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईने हे स्पष्टीकरण आपल्या तक्रारीत आवर्जून लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला किंवा सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘परत होत नाही’ असे त्याने पाकिटावर छापले म्हणून हा नियम रद्द होत नाही.

माल तपासण्याच्या पद्धतीत मी आता बदल केला आहे. लेस किंवा रिबीन आली की सगळी गुंडाळी उलगडून टेबलावर पसरते आणि बोटांतून संपूर्ण सरकवते. जोड असेल तर बोटाला लागतोच. भिजवण्यासाठी तुकडा टोकाचा न घेता मधला आणि अगदी आतला घेते आणि त्याच्यासोबत ज्या लोकरीवर लेस लागणार आहे, तिचाच विणलेला लहान तुकडा ठेवते, कारण सुती फडक्यावर न दिसणारा रंग लोकरीवर दिसतो. सुती लेस असेल तर ती शिवण्याआधी धुऊन आटवून घ्यावीच लागते. नाही तर नंतर ती आटते आणि वीण चुरगळते. शिंपल्याच्या बटणाची खातरजमा सोपी आहे: शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे एखाद्या बटणाच्या मागे व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात, प्लास्टिकवर येत नाहीत, बटण खराब होते, म्हणून प्रत्येक ओळीतले एकच वापरावे. उरलेली बटणे दातावर अलगद टेकवून पाहिली तरी फरक कळतो, कारण शिंपला खरखरीत लागतो. मणी पांढऱ्या फडक्यात चोळून, थोडे साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकरीच्या एका धाग्यावर ओवून मागेपुढे घासून पाहावेत. जरीच्या लेसवर मी फार लिहीत नाही; इतकेच सांगते की प्लास्टिकची जर वाफेच्या इस्त्रीखाली आकसते, तेव्हा आधी तुकड्यावर इस्त्री फिरवून पाहावी.

पुराव्याबाबत एक गोष्ट अनुभवाने सांगते. डाग पडलेली कुंची पुन्हा पुन्हा धुऊ नका आणि जोड असलेली गुंडाळी कापून टाकू नका. माझ्या तक्रारीत सर्वांत वजन पडले ते त्या चिकटपट्टीच्या जोडाच्या छायाचित्राला, कारण रंग उतरणे हा योगायोग म्हणता येतो, पण गुंडाळीच्या आत लपवलेला जोड म्हणता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच उपयोग होतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आयोगाकडे जाण्याची कागदपत्रे तयार केली आहेत.

दरम्यान तेच सामान, त्याच मजकुरासह, दुसऱ्या नावाच्या पानावर विकले जात आहे. त्या पानावरील जाहिरातीत पाटावर ठेवलेली, कुंकवाच्या रंगाची लेस लावलेली सायीच्या रंगाची एक कुंची दिसते. तिच्या टोपीवर मागच्या बाजूला तीन पाकळ्यांची जाळीची नक्षी आहे. ती कुंची मी विणलेली आहे आणि तिच्यावरची लेस नमुन्यातली आहे. ते छायाचित्र कोणाला दिसले, तर तेथे पैसे पाठवू नका आणि त्या पानाचा दिनांकासह स्क्रीनशॉट काढून ठेवा.