गीटहोर्न, की त्याच्या शेजारचं गाव? डच तळ्यांकाठी दोन रात्री काढायच्या असतील तर

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले की फिरायची यादी जवळपास ठरलेली असते: कोकेनहोफच्या ट्यूलिप बागा, पवनचक्क्या, आमस्टरडॅमच्या कालव्यांतली बोटफेरी आणि गीटहोर्न. बाकी सगळं एकेका दिवसात उरकतं. गीटहोर्न मात्र त्या पद्धतीने उरकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी अकराला पोचायचं, दुपारभर बोटींच्या रांगेत अडकायचं आणि पाचला परतीची बस पकडायची, असाच बेत असेल तर तो दिवस दुसरीकडे घालवा. शांत गाव बघायचं असेल तर तिथे रात्री राहावं लागतं. म्हणून खरा निर्णय ‘कुठे जायचं’ हा नाहीच, ‘मुक्काम कुठे करायचा’ हा आहे.

त्यासाठी चार पर्याय समोर ठेवतो. एक, खुद्द गीटहोर्न. दोन, त्याच पाणथळ प्रदेशातली पण कमी नावाजलेली गावं: बेल्ट-स्खुट्स्लोट, सिंट यान्सक्लोस्टर, ड्वार्सख्राख्ट, कालेनबर्ग. तीन, उत्तरेला फ्रीसलँड प्रांतातलं एर्नेवाउदे. चार, आमस्टेल्फेन किंवा हेगहून सहज गाठता येणारी न्यूकोप आणि कोर्टेनहूफची तळी. या चारही ठिकाणची बहुतेक तळी निसर्गाने दिलेली नाहीत, माणसाने खणून ठेवलेली आहेत. शतकानुशतकं लोकांनी इथला पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर, जळणासाठी उपसला. पाण्याखालून चिखल काढायचा, शेजारच्या अरुंद पट्टीवर पसरून वाळवायचा आणि त्याचे विटांसारखे तुकडे पाडायचे, अशी रीत होती. हाव वाढली तशा वाळवायच्या पट्ट्या बारीक होत गेल्या आणि वादळात वाहून गेल्या. खड्ड्याला खड्डा मिळून तळं झालं.

गीटहोर्न: गर्दीचं खरं, पण सकाळ-संध्याकाळी त्याला तोड नाही

गाव ओव्हरआइसेल प्रांतात आहे, वस्ती तीन हजारांच्या आत, आणि लाकडी पूल पावणेदोनशेच्या घरात. जुन्या भागात गाडीचा रस्ताच नाही. कालवा आणि त्याच्या कडेने जाणारी पायवाट, एवढंच. 1958 साली इथे चित्रित झालेल्या एका डच विनोदी चित्रपटाने गावाला देशभर नाव मिळवून दिलं, पुढे परदेशी पर्यटक आले, आणि आता उन्हाळ्यात भर दुपारी त्या अरुंद कालव्यात भाड्याच्या बोटी एकमेकींवर आदळत असतात. बहुतेक सगळे पहिल्यांदाच सुकाणू धरणारे. मागे बसून सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे हाताच्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन वेळा काठावर धडक होतेच. पाणी साधारण मीटरभर खोल, बोटी विजेवर चालणाऱ्या आणि संथ, त्यामुळे धोका फारसा नाही. परवानाही लागत नाही. फक्त गंमत काही वेळाने ओसरते.

घरं मात्र बघण्यासारखी आहेत. छपरं बोरूने शाकारलेली, आणि काही जुन्या शेतघरांचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा उंच, उंटाच्या मदारीसारखा वर आलेला. जमीन कमी आणि गवताचा साठा वाढत चाललेला, तेव्हा आडवं वाढण्याऐवजी गोठा वर चढवला गेला. गवत, गुरं, दूध, सगळं नावेतूनच ये-जा करायचं, म्हणून पूल एवढे उंच आणि कमानदार. ‘पुंटर’ नावाची ती लांबट नाव काठीने रेटून चालवतात.

हेच उंच पूल मुक्कामाच्या वेळी डोकेदुखी ठरू शकतात. खोली आरक्षित करण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारा: गाडी कुठे लावायची, आणि तिथून दारापर्यंत किती पूल चढायचे? चाकांची मोठी बॅग आणि गुडघे दुखणारे बाबा, दोघांनाही एकाच पुलावरून न्यायचं असेल तर प्रश्नाचं महत्त्व लगेच कळेल. शिवाय बरेचसे पूल खासगी आहेत, पलीकडे कुणाचं तरी घर असतं. फोटोसाठी त्यावर चढू नये. तिथल्या लोकांची सगळ्यात मोठी तक्रार बहुधा हीच असेल.

आता चांगली बाजू. भाड्याच्या बोटी संध्याकाळी परत जमा कराव्या लागतात, सहलीच्या बस निघून जातात, आणि जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात. म्हणजे जेवणानंतरही तीन-एक तासांचा उजेड शिल्लक असतो आणि कालव्याकाठी तुम्ही, बदकं आणि गावकरी एवढेच उरता. सकाळी नऊपर्यंतही तसंच. दिवसभराच्या सहलीला येणाऱ्यांच्या वाट्याला नेमके हेच तास येत नाहीत.

गाडी नसणाऱ्यांसाठी चारांतला सगळ्यात सोपा पर्यायही हाच. आमस्टरडॅमकडून झ्वोलेमार्गे स्टेनवाइकपर्यंत आगगाडी, पुढे बस. देशभरात कुठल्याही बस-गाडीत संपर्करहित बँक कार्ड टेकवून चढता-उतरता येतं, वेगळं कार्ड काढायची गरज नाही. उतरताना कार्ड पुन्हा टेकवायला तेवढं विसरू नका.

शेजारची गावं: तेच पाणी, निम्मी गर्दी

गीटहोर्न हे वेरिबेन-वीडेन राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी कडेला आहे. उद्यान सुमारे दहा हजार हेक्टरांचं. वेरिबेनचा भाग 1992 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, वीडेन 2009 मध्ये त्याला जोडला गेला. वायव्य युरोपातल्या सगळ्यात मोठ्या सलग पाणथळ प्रदेशांत त्याची गणना होते. म्हणजे गीटहोर्नला येणाऱ्या बहुतेकांना जे बघायचं असतं ते या उद्यानात पसरलेलं आहे, आणि ही मंडळी मात्र एकाच कालव्यात फेऱ्या मारून परत जातात. हे मला अजून समजलेलं नाही.

माझी पसंती बेल्ट-स्खुट्स्लोटला. इथेही कालवे, पूल, शाकारलेली घरं आहेत, पण गाडी गावात येते, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन जाणं सोपं. दोन्ही बाजूंना बेल्टरवाइडे आणि बेउलाकरवाइडे ही मोठी तळी. बेउलाकरवाइडेच्या जागी पूर्वी बेउलाके नावाचं गाव होतं. अति खणण्याने जमीन कमकुवत झालेली, त्यात 1775 आणि 1776 च्या वादळी पुरांनी ते गाव गिळलं. तेव्हा झाउडरझे हा समुद्राचा फाटा इथून जवळ होता. 1932 मध्ये मोठा बांध घालून तो बंद केल्यापासून ती भीती संपली. आज त्या पाण्यावर शिडाच्या होड्या फिरतात. मोठ्या तळ्यावर वारा सुटला तर भाड्याची छोटी विजेची बोट हेलकावे खाते, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर कालव्यांतच राहा.

सिंट यान्सक्लोस्टर हे पाण्यावरचं गाव नाही, पण निसर्ग समजून घ्यायचा असेल तर इथून सुरुवात करावी. नातूरमोन्यूमेंटेन या निसर्गसंवर्धन संस्थेचं माहिती केंद्र इथे आहे आणि तिथून मार्गदर्शकासह बोटफेऱ्या निघतात. गावातला जुना पाण्याचा टॉवर आता निरीक्षण मनोरा आहे. पायऱ्या भरपूर, पण वरून तळ्यांची आणि बोरूच्या पट्ट्यांची नक्षी दिसते आणि पीट कसा खणला असेल ते न सांगता कळतं.

ड्वार्सख्राख्ट हे गीटहोर्नच्या पश्चिमेला, सायकलने सहज जाण्याएवढं जवळ. दिसायला गीटहोर्नचाच एखादा मागे राहिलेला तुकडा. खाण्यापिण्याची सोय मोजकी, म्हणून मुक्कामापेक्षा सकाळच्या फेरीसाठी उत्तम. आणखी वायव्येला कालेनबर्ग. त्या बाजूला ‘त्यास्कर’ नावाची बुटकी पवनचक्की बघायला मिळते: एकच तिरका दांडा, वरच्या टोकाला पाती आणि खालच्या टोकाला पाणी उचलणारा मळसूत्री स्क्रू. वारा आला की पाती फिरतात, दांडा फिरतो, पाणी वर येतं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ती दोन मिनिटांत समजेल.

बोरूची कापणी हिवाळ्यात होते आणि त्याच्या पेंढ्या बांधून रचून ठेवलेल्या दिसतात. कापलं नाही तर हळूहळू झाडोरा माजून पाणथळ जागेचं रान होतं, म्हणून कापणं हा निसर्ग जपण्याचाच भाग. देशातून नाहीसं झालेलं पाणमांजर 2002 पासून इथे पुन्हा सोडलं गेलं आणि रुळलं. ते दिसेलच असं सांगून कुणी पैसे घेत असेल तर देऊ नका. रस्त्याकडेची ‘पाणमांजरांपासून सावध’ अशी पाटी मात्र दिसू शकते. मोठ्या ताम्र फुलपाखराची एक उपजात जगात फक्त या भागात उरली आहे, जुलैच्या आसपास उडते. पक्ष्यांमध्ये पाणकावळे मुबलक.

इथे एकच अट: स्वतःची गाडी किंवा सायकल चालवायची तयारी हवी. सायकलचं जाळं मात्र अप्रतिम. चौकाचौकात आकडे लिहिलेल्या पाट्या असतात. निघताना फक्त आकड्यांचा क्रम कागदावर लिहून घ्यायचा आणि त्या क्रमाने जायचं. योनेन नावाच्या वस्तीपाशी पायी आणि सायकलवाल्यांना पलीकडे नेणारी छोटी फेरीबोट आहे. सुटीच्या मोसमाबाहेर जाणार असाल तर तिच्या वेळा आधी बघून घ्या.

एर्नेवाउदे: शिडं आवडत असतील तर

फ्रीसलँडची राजधानी ल्यूवार्डनच्या आग्नेयेला, आल्दे फेआनेन राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत हे छोटंसं गाव. उद्यान 2006 चं, वीडेनपेक्षा बरंच लहान. पाट्या फ्रिजियन भाषेत, तेव्हा नकाशावर गाव वेगळ्या नावाने दिसलं तर गोंधळू नका. गीटहोर्न बघायला येणारे इथे फिरकत नाहीत. येतात ते डच आणि जर्मन होडीवाले, त्यामुळे बंदर गजबजलेलं आणि गाव शांत, असा मजेशीर प्रकार.

पीट आणि शेणखत वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या जुन्या मालवाहू होड्या, ‘स्कूत्शे’, यांचं संग्रहालय इथे आहे. तळ सपाट, म्हणून वाऱ्याने आडवं सरकू नये यासाठी दोन्ही अंगांना पंखांसारख्या फळ्या लावलेल्या असतात. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे एक पाण्यात सोडायची, दुसरी वर घ्यायची. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला फ्रीसलँडभर या होड्यांच्या शर्यती होतात आणि त्यातली एक एर्नेवाउदेला असते. त्या दिवशी शांततेची अपेक्षा सोडा, पण बघायला जरूर जा. करकोच्यांच्या पुनर्वसनाचं ठिकाणही गावातच, तेव्हा खांबांवरची भलीमोठी घरटी आणि चोचींचा खडखडाट अगदी डोक्यावर.

तोटा अंतराचा. आमस्टरडॅमहून आगगाडीने ल्यूवार्डनलाच दोन तासांवर लागतात आणि पुढे सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर राहणं त्रासाचं. दोन रात्रींसाठी एवढं जायचं तर होडी चालवायची हौस तरी असावी, नाहीतर आधीच ओव्हरआइसेल बघून झालेलं असावं.

न्यूकोप, कोर्टेनहूफ: मुक्काम नकोच असेल तर

एकच दिवस हातात आहे? मग गीटहोर्नच्या ऐवजी इकडे. न्यूकोप आणि शेजारचं नोर्डेन आमस्टेल्फेनहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. विजेच्या बोटी इथेही भाड्याने मिळतात. जांभळ्या बगळ्यांची मोठी वसाहत आहे. हिवाळ्यात ते आफ्रिकेत असतात, तेव्हा एप्रिल ते ऑगस्ट हा त्यांचा काळ.

कोर्टेनहूफ आणि आंकेव्हेन हिल्व्हरसुमजवळ. त्यांच्या शेजारचं नार्डरमेर तळं आमस्टरडॅम शहराला कचरा टाकण्यासाठी हवं होतं. ते वाचवायला 1905 मध्ये नातूरमोन्यूमेंटेन संस्था स्थापन झाली आणि 1906 मध्ये तिने तळं विकत घेतलं. कडाक्याची थंडी पडून बर्फ धरला तर आंकेव्हेनची तळी स्केटिंग करणाऱ्यांनी भरून जातात. अलीकडे तसा हिवाळा क्वचितच येतो. तळी सुंदर आहेत, पण ‘गाव’ म्हणून ही दोन्ही ठिकाणं गीटहोर्नपुढे साधीच.

चारही ठिकाणी लागू

खाण्याचं बघून ठेवा. गावातल्या हॉटेलांत शाकाहारींना पॅनकूक, चीज सूफ्ले, बटाट्याचे तळलेले काप आणि सफरचंदाचा केक हमखास मिळतो. वाटाण्याचं घट्ट सूप शाकाहारी समजून मागवू नका, त्यात डुकराचं मांस असतं. स्वयंपाकघरं आपल्या सवयीपेक्षा लवकर बंद होतात, नऊला जेवायला गेलात तर कॉफीवर भागवावं लागेल. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं आणि डाळ-तांदूळ, फोडणीचं सामान सोबत नेणं सगळ्यात निश्चिंत. काही छोट्या दुकानांत भारतीय क्रेडिट कार्ड चालत नाही, थोडे युरो रोख ठेवा. आणि आरक्षणाच्या रकमेवर माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर वेगळा लागतो.

गवतातून चालून आलात की पायांवर गोचीड चिकटली आहे का ते रोज रात्री बघा. या देशात गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो आणि लांब पँट, मोजे हा साधा उपाय आहे. संध्याकाळी पाण्याकाठी डास असतातच.

मोसमाबद्दल विचाराल तर मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये डच शाळांना सुटी, घरभाडी चढलेली. मेच्या सुरुवातीलाही शाळांना सुटी असते, आणि असेन्शन व पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्यांना पूर्ण देश बाहेर पडतो. या तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा आई-बाबांची तिकिटं काढल्यावर पहिलं काम म्हणजे डच कॅलेंडर उघडून त्या बघणं आणि बेल्ट-स्खुट्स्लोटचं घर मधल्या वारांना, सोमवार ते गुरुवारात, घेऊन टाकणं.