कोकणात कॉकटील: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

घरात पहिल्यांदाच पक्षी आणणार असाल तर कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा परदेशी पोपट आणा, असं मी बेधडक सांगेन. फक्त समुद्राकाठी राहत असाल तर पिंजरा निवडण्याआधी आपल्या घरातली हवा कशी आहे ते बघा. दिवाळीनंतर आमच्याकडे एक राखाडी नर आला. काजूचा हंगाम, मेमधला उकाडा आणि अख्खा पावसाळा त्याने इथेच काढला. घर मालवणपासून थोडं आत, कौलारू, चारी बाजूंनी माड. ओल म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. आणि हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सगळी गोम इथेच आहे.

आधी कायद्याचं, कारण शेजारी पहिला प्रश्न हाच विचारतात. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग पिल्लू आपल्याच परसात ढोलीतून पडलेलं का असेना. कॉकटील परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेला, त्याला ही आडकाठी नाही. परदेशी प्राण्या-पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर जी नोंदणी करावी लागते, ती साईट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या जातींची. कॉकटील त्या यादीत नाही. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा.

आम्ही शहरातल्या एका दुकानात चौकशी केली तर मालक पिसंही न फुटलेलं पिल्लू हातात द्यायला निघाला. वर सिरिंज फुकट! "हाताने भरवलंत की जीव लावतो बघा," म्हणे. नवख्या माणसाने या फंदात अजिबात पडू नये. भरवायची पेज जराशी जास्त गरम झाली तर पिल्लाची अन्नपिशवी आतून भाजते, गार झाली तर पचत नाही. माणसाळलेलं पिल्लू हवं असेल तर भरवण्याचं काम पैदास करणाऱ्यालाच करू द्या, आणि ते स्वतःचं स्वतः दाणे सोलून खायला लागलं की मगच घ्या. साधारण दहा आठवड्यांचं तरी असावं. शेवटी आम्ही फोंडाघाटातून कोल्हापूर गाठलं. तिथे एकाच्या गच्चीवर पक्षी होते. तो म्हणाला, बसा, चहा घ्या, तोवर कुठला खातोय-पितोय ते बघा. अर्धा तास नुसतं बघत बसलो. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं बरबटलेली नाहीत, श्वास घेताना शेपूट वरखाली हलत नाही, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

रंगाच्या नादाला लागू नका. पिवळट पांढरा लुटिनो दिसतो देखणा, पण त्यातल्या बऱ्याच जणांना तुऱ्यामागे टक्कल असतं, आणि भावही जास्त. राखाडी मला साडेतीन हजारांना पडला, पिंजरा त्याहून महाग. नर की मादी हे लहानपणी ओळखता येत नाही, सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात. सहा महिन्यांच्या आसपास पहिली पिसं झडली की राखाडी नराचं तोंड पिवळंधमक होतं आणि शेपटीखालचे पट्टे जातात. मला नर हवा होता तो शिळेसाठी, शिवाय मादी एकटी असली तरी अंडी घालते. वारंवार घातली की अंगातलं कॅल्शियम उतरतं आणि कधी अंडं आतच अडकतं. इथे रात्री-अपरात्री त्याला डॉक्टर कुठून आणणार?

पिंजरा दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, हे मला कमीत कमी वाटतं. गजांमधलं अंतर अर्धा इंच. बाजारात मिळणारी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी खाऱ्या हवेत लवकर खराब होते. पक्षी ती चोचीने कुरतडतो आणि जस्त पोटात जातं, ते त्याला विष आहे. म्हणून पावडर कोटिंगचा घेतला. आतल्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून परसातल्या पेरूच्या फांद्या लावल्या, काही जाड, काही बारीक, म्हणजे पायाच्या एकाच जागी दाब येत नाही. कण्हेरीची काडीसुद्धा नको, ती विषारी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात, नाहीतर पपईच्या एका फोडीवर मुंग्यांची रांग लागलीच.

आता हवा. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक. आमच्याकडे रोज दुपारी मासे तळले जातात, तेही पूर्वी नॉनस्टिक तव्यावर. तो तवा जास्त तापला की लेपातून जो वायू निघतो त्याने पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि त्यावर उतारा नाही. मी तो तवा माळ्यावरही न ठेवता घरातूनच घालवला. आता बांगडा बिडाच्या तव्यावर. सासूबाई खूश, त्यांना तो नवा तवा कधीच पसंत नव्हता. मच्छरांची कॉईल बंद, त्याच्या खोलीपुरती मच्छरदाणी. धूप देवघरात, दार लावून. कपाटातल्या डांबरगोळ्या गेल्या. न्हाणीघरात पाणी तापवायला नारळाची सोडणं पेटवली की धूर माजघरात येतो, तेवढा वेळ मधलं दार बंद. शेजारी काजूच्या बिया भाजतात त्या दिवशी तर सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या. तो धूर माणसाच्या डोळ्यांना झोंबतो, तर या नव्वद ग्रॅमच्या जिवाचं काय!

पावसाळ्यात मोठी लढाई दाण्यांची. जुलैत दाण्यांना बुरशी लागायला आठवडाही पुरतो, आणि ती बुरशी श्वासातून छातीत बसते. म्हणून मिश्रण अर्धा किलोच आणायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं, उघडताना आधी वास घ्यायचा. कुबट आला की फेकून द्यायचं, कोंबड्यांनाही घालायचं नाही. नुसत्या दाण्यांवर ठेवू नका. सूर्यफुलाच्या बिया समोर ठेवल्या तर हा दुसरं काही शिवतच नाही, आणि त्याने यकृताला चरबी धरते. आमच्याकडे सकाळी पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या), मग राळे आणि भिजवलेली नाचणी, सोबत शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर. पाला नुसता ठेवला तर बघतही नाही. ओला करून पिंजऱ्याला लटकवला की त्यात अंग घासून आंघोळ करतो आणि जाता जाता खातो. आंबा दिला, कोय काढून. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट काही आणि अवोकाडो कधीच नाही.

आपल्याकडे एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे समुद्रफेस. माकुळाच्या पाठीतला तो पांढरा पट्टा दुकानात प्लॅस्टिकात बांधून विकतात. आम्हाला किनाऱ्यावर वाहून आलेला सापडतो. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग कडक उन्हात वाळवायचा. कॅल्शियमही मिळतं आणि चोचही घासली जाते.

रात्रीचं एक लक्षात ठेवा. कॉकटील अंधारात दचकून बेभान होण्यासाठी प्रसिद्ध आहेत. मेच्या शेवटी विजा सुरू झाल्या, लाईट गेली, आणि त्याच सुमारास एक पाल पिंजऱ्यावर पडली. नुसती धडधड! गजांवर आपटत होता. टॉर्च मारला तर पंखाचं नवं फुटलेलं पीस तुटून रक्त गळत होतं. अशा वाढत्या पिसात रक्त असतं, म्हणून ते थांबता थांबत नाही. नवऱ्याने टॉवेलमध्ये धरला, छाती न दाबता, मी कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून धरली तेव्हा थांबलं. तेव्हापासून इन्व्हर्टरवर झिरोचा दिवा रात्रभर जळतो आणि पिंजऱ्याची एक बाजू उघडी असते. पडवीत रात्री कधीच ठेवत नाही. मांजर आहे, मुंगूस आहे, आणि साप पक्ष्याच्या मागावर येतोच. सकाळचं कोवळं ऊन मात्र पडवीतच, मी शेजारी बसलेली असताना. बाहेर सोडायचा तो बंद खोलीत, पंखा बंद करून. हे शेवटचं घरातल्या प्रत्येकाला रोज सांगायचं.

सवयींचं म्हणाल तर तुरा बघून सगळं कळतं. तुरा चापून फिस्कारला तर हात मागे घ्या. ताठ उभा म्हणजे काहीतरी दिसलंय. मान खाली घालून पिसं फुलवली की डोकं खाजवून हवंय. सासूबाई पहिल्या महिन्यात म्हणायच्या, "बोलना नाय तर व्हयो कित्याक?" शब्द त्याला अजून येत नाहीत, फारसे येतील असंही वाटत नाही. पण पहाटे परसातला दयाळ पक्षी गातो त्याची अर्धी लकेर हा उचलतो, आणि शेजारच्या टेम्पोची मागे घेतानाची धून पूर्ण. आता टेम्पो आला समजून सासूबाईच गेट बघायला जातात. ज्यांना बडबड्या पोपट हवा त्यांनी हा घेऊ नये. दुपारी शांतता हवी असेल त्यांनी तर मुळीच नाही. आणि अंगातून पांढरी भुकटी इतकी झडते की घरात दम्याचं कोणी असेल तर विचार करा. विष्ठा कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण तिच्यातून माणसालाही फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

पक्षी आजार लपवतो. दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून दर रविवारी सकाळी खाण्याआधी त्याला स्वयंपाकाच्या ग्रॅमच्या काट्यावर बसवते आणि वजन कॅलेंडरवर लिहिते. दहावा हिस्सा उतरलं तर थांबायचं नाही. पिसं फुलवून तळाशी बसला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींचे. भला माणूस, पण सरळ म्हणाले, पक्ष्यातलं मला कळत नाही. पक्ष्यांचे डॉक्टर आम्हाला कोल्हापुरात मिळाले. घाट बंद पडतो त्या दिवसांत करायचं काय, ते फोनवर आधीच विचारून ठेवलं. उबेसाठी चाळीस वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि पुठ्ठ्याचं खोकं, एवढी तयारी कपाटात असते.

गणपतीत मुंबईची मंडळी आली की त्याचा मुक्काम मागच्या खोलीत. फटाके, भजनं, आणि प्रत्येक पोराला बोट घालायचं असतं. पाच दिवस तो चिडचिडा झाला, दाणे उडवले, माझ्याच बोटाला चावला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वजन केलं, तीन ग्रॅमने कमी. आठवड्यात भरून निघालं.