वादळाच्या प्रार्थनेचं घडीपत्रक: मजकूर किनाऱ्याचा, वापर खानदेशात

नवापूरपासून भुसावळपर्यंत ख्रिस्ती मंडळ्यांच्या उन्हाळी सभांत पुस्तकांच्या टेबलावर एक लॅमिनेट केलेलं घडीपत्रक दिसतं, ‘वादळ येत असताना करावयाची प्रार्थना’. किंमत वीस रुपये, दोन घड्या, सहा पानं. मुखपृष्ठावर लाटांत हेलकावणारं गलबत. प्रकाशकाचं नाव इथे देत नाही, कारण यातले बरेच दोष अशा सगळ्याच पत्रकांत सापडतात. विकत घेण्याजोगं आहे का? आहे, पण जसंच्या तसं वापरण्याजोगं नाही.

पहिली अडचण वेळेची. पत्रक सावकाश, मोठ्याने वाचलं तर अकरा-बारा मिनिटं लागतात. चक्रीवादळासाठी ते ठीक आहे. त्याचं नाव, वाट, वेळ दोन-तीन दिवस आधी कळते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि कमजोर होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं, तेव्हा तयारीला आणि प्रार्थनेलाही पुरेसा अवधी होता. पण खानदेशातली रोजची भीती ती नाही. इथे एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तीन-चारला सातपुड्याच्या अंगाने आभाळ काळं होतं, वारा पडतो, मग धुळीची भिंत आणि मागोमाग वावधान, म्हणजे वादळी वारा-पाऊस. हवामान खात्याचा तातडीचा इशारासुद्धा जेमतेम पुढच्या तीन तासांपुरता असतो, आणि तो शेतातल्या माणसापर्यंत पोचेस्तोवर हातात पंधरा-वीस मिनिटं उरली तर नशीब. तेवढ्या वेळात गुरं सोडवायची, पोरं आत घ्यायची, मोटारीचं स्टार्टर बंद करायचं. त्यात बारा मिनिटांचं वाचन कुठे बसवणार?

दुसरी अडचण क्रमाची, आणि खरं सांगायचं तर इथेच पत्रक सगळ्यात जास्त चुकलंय. तिसऱ्या पानावर बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा २७ वा अध्याय आहे, प्रेषित पौलाचं गलबत वादळात सापडल्याची हकिगत. मार्क ४ मधला गालील समुद्र, म्हणजे येशू वादळ शांत करतो तो प्रसंग, मात्र पाचव्या पानावर ढकललाय. उलट हवं होतं. पौलाचं वादळ चौदा रात्री चाललं, त्यांना बेत करायला वेळ मिळाला. गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर सरोवर, समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून खाली, भोवती डोंगर. वरून वारा एकदम उतरतो आणि काही वेळातच पाणी खवळतं. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला हेच ओळखीचं. शिष्यांची प्रार्थनाही एका दमात संपणारी, थोडी तक्रारीची: आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काही वाटत नाही? प्रभू उशीवर झोपलेला होता, हा तपशील लहान मुलांना हमखास लक्षात राहतो. म्हणून हे पान उघडल्याबरोबर समोर यायला हवं.

कृत्ये २७ चा खरा उपयोग वेगळा आहे, पण पत्रकात फक्त देवदूताचं आश्वासन छापलंय, बाकी सगळं गाळलंय. त्या अध्यायात गलबताला खालून दोर आवळलेत, मागच्या बाजूने चार नांगर टाकलेत, शेवटी गहू समुद्रात फेकून गलबत हलकं केलंय. पौल सगळ्यांसमोर भाकर घेऊन देवाचे आभार मानतो आणि खातो, मग बाकीचे खातात. गलबतावर २७६ माणसं, एकही दगावत नाही. प्रार्थना आणि दोर आवळणं एकाच अध्यायात असताना दोर गाळून नुसती प्रार्थना छापणं म्हणजे केळीच्या अर्ध्या घडाला आधार देण्यासारखं. केळीवाल्याला हे सांगायला नको. मृगबाग, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, मे-जूनमध्ये घडांनी वाकलेली असते, तेव्हाच वारा येतो. टेकू किंवा पट्टीचा आधार नसेल तर झाड मधूनच मोडतं किंवा मुळासकट आडवं होतं.

दुसऱ्या पानावर स्तोत्र ९१ पूर्ण, सोळा वचनं. निवड पारंपरिक, हरकत नाही. हरकत आहे ती खालच्या चौकटीतल्या ओळीला: हे स्तोत्र दारावर लावल्यास घराला अपाय होणार नाही. मत्तय ४:६ उघडून पाहा. मंदिराच्या शिखरावर सैतान प्रभूला याच स्तोत्रातलं वचन ऐकवून उडी मार म्हणतो, आणि प्रभू उत्तर देतो, देवाची परीक्षा पाहू नको. ज्या वचनाचा असा वापर प्रभूने नाकारला, त्याचाच ताईत करून दाराला लावायचा? शिवाय वादळात पत्रे उडालेल्या घरात दुसऱ्या दिवशी ही चौकट वाचली की माणसाला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला. ती ओळ मार्करने काळी करून मगच पत्रक वाटा.

चौथ्या पानावरची मुख्य प्रार्थना मराठीच्या दृष्टीने चांगली आहे, वाक्यं फार लांबत नाहीत. पण सगळी किनाऱ्याची. मच्छीमार बांधव, होड्या, बंदर, उधाण. धडगाव-अक्कलकुव्यात ही प्रार्थना म्हणणाऱ्या आजीने कुणासाठी काय मागायचं? इथे बाहेर अडकलेली माणसं निराळी असतात: गुरं चारायला गेलेला पोरगा, वीटभट्टीवरची कुटुंबं, तापीच्या पुलावर मोटारसायकलवर असलेला माणूस, भुसावळकडे रुळांवर काम करणारे गँगमन, आणि ज्यांच्या घरावर पत्र्यांना नुसते दगड ठेवलेत ते सगळे. ‘वादळाला आज्ञा देतो की तू मागे फिर’ हे वाक्यही इथे आहे. यावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत. पण शिष्यांनी आज्ञा दिली नव्हती, ती प्रभूने दिली. शिष्यांनी त्याला उठवलं. ‘वादळ दुसरीकडे वळव’ असली मागणी पत्रकात नाही, हे मात्र मनापासून आवडलं. दुसरीकडे म्हणजे पुढच्याच गावात.

वीस मिनिटांच्या वादळासाठी एवढं पुरतं, आणि पाठ करायला रविवारच्या दोन उपासना बास होतात: ‘प्रभू येशू, वाराही तुझं ऐकतो. बाहेर असलेल्यांना आडोशाला पोचव, घरातल्यांना धीर दे, आमच्याबरोबर शेजारची वस्तीही राख. आमेन.’ पंधरा सेकंद. हात कामात असताना म्हणता येते. दारं लावून सगळे आत बसले की मग मार्क ४:३५ ते ४१, आणि वेळ लांबलाच तर स्तोत्र २९. ते या पत्रकात नाही, ही मोठी उणीव. अकरा वचनं आहेत, ‘परमेश्वराची वाणी’ हे शब्द त्यात सात वेळा येतात, वीज-गडगडाटाचंच स्तोत्र आहे आणि शेवटचा शब्द शांतीचा. एकाने वाचायचं आणि ते शब्द आले की सगळ्यांनी म्हणायचं. वाचता न येणाराही सामील होतो. घरात मावची, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्यांना स्तोत्र ९१ मधल्या ‘परात्पराच्या गुप्त स्थली’ यापेक्षा असा प्रतिसाद लवकर जमतो. सहाव्या पानावर जो प्रतिसाद छापलाय तो बावीस शब्दांचा आहे. घाबरलेली माणसं बावीस शब्द एका सुरात म्हणत नाहीत.

छपाईबद्दल. अक्षर बारीक, निळ्या पार्श्वभूमीवर पांढरं. वादळात पहिल्यांदा लाइट जाते. टॉर्चचा उजेड लॅमिनेशनवर पडला की चकाकी येते आणि नेमकी मधली ओळ दिसत नाही. टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरकी धरली तर वाचता येतं. घडीच्या ठिकाणी लॅमिनेशन चार-पाच वेळा उघडझाप केली की तडकतं, तिथून पाणी शिरतं आणि शाई फुटते. शेवटच्या पानावर ध्वनिमुद्रित प्रार्थनेसाठी क्यूआर कोड आहे. लाइट गेल्यावर थोड्या वेळात टॉवरही जातो, तेव्हा त्याचा उपयोग शून्य. आधीच डाउनलोड करून फोनमध्ये ठेवलं तर आवाज स्पष्ट आहे, वाचकाची गतीही बरी.

पत्रकात सगळ्यात धोकादायक सूचना मुखपृष्ठाच्या मागे आहे: इशारा मिळताच कुटुंबासह प्रार्थनामंदिरात जमा व्हावे. दोन दिवस आधी कळलेल्या चक्रीवादळात, पक्क्या स्लॅबच्या मंदिरात, ठीक. आपल्याकडची बरीच प्रार्थनागृहं पत्र्याची आहेत, आणि सभेचा मंडप तर लोखंडी खांबांचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मंदिरापर्यंत चालत जाऊ नका, असाल तिथल्या पक्क्या घरात थांबा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते मंडळीतल्या दोघा-तिघांच्या फोनवर तरी असावं. सभा सुरू असेल तर ॲम्प्लिफायर आणि कीबोर्डची पिन आधी काढा, माइकशिवाय प्रार्थना करा. घंटा वाजवायला कुणी जाऊ नये. युरोपात एके काळी वादळ हटावं म्हणून चर्चच्या घंटा वाजवत, आणि ओला दोर हातात धरलेले घंटावादक विजेने मरत. आपल्याकडे घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा म्हणजे तीच गोष्ट.

वादळ ओसरल्यावर काय, यासाठी एक ओळही नाही. उपकारस्मरण हवं होतं, आणि पीकविमा काढलेल्यांनी विम्याच्या अटींत असेल तर नुकसानीची सूचना मुदतीत द्यावी, ही आठवणही त्याच पानावर बसली असती.

नावांसाठी मात्र जागा सोडलीय, पाच रिकाम्या रेघा, ‘बाहेर असलेल्या प्रियजनांची नावे’. पत्रकातली सगळ्यात चांगली कल्पना हीच, आणि नेमकी तीच लॅमिनेशनखाली गेलीय. बॉलपेन घसरतो, स्केचपेन बोटाने पुसला जातो. साधी युक्ती: त्या जागी कागदी चिकटपट्टी लावा आणि पेन्सिलीने लिहा. कोण ऊसतोडीला गेलं, कोण सुरतेला, हे दर महिन्याला बदलतं. नावं खोडून नवी लिहिता आली पाहिजेत.