ग्रेहाउंडचा फॉर्म वाचून विजेता निवडणं: काही महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, यात माझा एक रुपयाही लागलेला नाही. 2025 च्या कायद्यानंतर पैसे लावायचे ऑनलाइन खेळ आपल्याकडे बंद आहेत, आणि क्रिकेटच्या सट्ट्यानं घरं कशी बसतात हे नागपुरात वेगळं सांगायला नको. मी वापरली ती फक्त पद्धत. ग्रेहाउंड म्हणजे शर्यतीत पळणारे कुत्रे. त्यांचं रेसकार्ड, म्हणजे त्यांच्या मागच्या धावांचा (फॉर्मचा) तक्ता, वाचायचं, शर्यत सुटायच्या आधी वहीत कुत्र्याचं नाव आणि भाव लिहायचा, मग निकालाशी ताडून बघायचं. ब्रिटनचे निकाल तिथल्या नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. खर्च काय तो झोपेचा: तिथली संध्याकाळची साडेसातची शर्यत त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री बाराला सुटते. सकाळी अकराच्या शर्यती मात्र आपल्या साडेतीनला येतात, आणि मे महिन्यात त्या वेळी तसंही कूलरसमोरून कोणी उठत नाही.

कार्ड पहिल्यांदा उघडलं की डोकं गरगरतं. सहा कुत्रे, सहा जॅकेटं: लाल, निळं, पांढरं, काळं, नारिंगी आणि सहावं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं. प्रत्येकाच्या मागच्या धावा एकाखाली एक, आणि प्रत्येक धावेत तारीख, अंतर, ट्रॅप (कुत्रा जिथून सुटतो तो खोका), पहिल्या टप्प्याची वेळ, वळणांवरचे क्रमांक, किती लांबीनं (एक लांबी म्हणजे साधारण एका कुत्र्याएवढं अंतर) हरला, वजन आणि शेरे. शेरे संक्षेपात असतात. ‘एसएडब्ल्यू’ म्हणजे उशिरा सुटला, ‘सीआरडी 1’ म्हणजे पहिल्या वळणावर गर्दीत सापडला. आठवडाभरात हे पाठ होतं. वजनाचा रकाना मी सोडूनच देतो, कारण मागच्या धावेपेक्षा एका किलोहून जास्त फरक पडला तर कुत्र्याला पळूच देत नाहीत.

खरी मजा वेळेत आहे. समजा 400 मीटरची शर्यत 24.30 सेकंदात जिंकली गेली आणि आपला कुत्रा तीन लांबी मागे राहिला. एक लांबी 0.08 सेकंदाची धरतात, म्हणजे त्याची वेळ 24.54. पण त्या दिवशी वाळू जड होती आणि कार्डावर उणे 20 लिहिलंय. शंभरांशाचे 20 वजा केले की उरते 24.34. दोन वेगळ्या रात्रींच्या धावा एकमेकींशेजारी ठेवता येतात त्या या हिशेबामुळे. निव्वळ घड्याळाची वेळ बघून निवडणाऱ्यानं आकड्यांच्या नादी न लागलेलंच बरं.

एवढं जमलं की आता जिंकणार कोण ते कळेलच असं वाटायला लागतं. तसं होत नाही, आणि त्याचं कारण कार्डावरच छापलेलं असतं. शर्यत ए-5 ची, म्हणजे एका ठरावीक दर्जाची, असली तर ट्रॅकच्या रेसिंग मॅनेजरनं साधारण सारख्याच वेळेचे सहा कुत्रे मुद्दाम एकत्र आणलेले असतात. वहीत काढलेला फरक 0.10 सेकंदाचा, आणि वळणावर एक धक्का बसला की तेवढा फरक तिथेच संपतो.

आमचे भंडाऱ्याकडचे मामा शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, जुने शौकीन. त्यांना मोबाइलवर दोनचार शर्यती दाखवल्या तर म्हणाले, “सेकंद काय मोजून राहिला बे, पहिल्या मोडावर पुढे कोन रायते थे पाय ना!” शंकरपटात जोडी सरळ पळते, म्हणून तिथे घड्याळ सांगेल तेच खरं. इथे कुत्रे वळतात. त्यानंतर मी पहिल्या टप्प्याची वेळ आधी आणि एकूण वेळ नंतर बघायला लागलो, आणि वहीचा चेहराच बदलला. कुत्रा एकटा वाचायचाच नाही, त्याचे शेजारी वाचायचे. 3 नंबरचा झटकन सुटतो पण बाहेरच्या बाजूला सरकतो, 4 नंबरचा नेहमी उशिरा सुटतो, म्हणजे 3 ला सरकायला मोकळी जागा. तोच 4 नंबरचा चपळ निघाला तर दोघं एकमेकांवर आदळणार आणि आतून 1 नंबरचा शांतपणे निघून जाणार. बाहेरून पळणाऱ्यांच्या नावापुढे तसं अक्षरच असतं, ते बघत जा. पहिल्या वळणावर काय होईल हे मी आता बऱ्यापैकी ओळखतो. त्याच्या पुढचं नाही.

आणि समजा ओळखलंही, तरी भाव आहेच. एका शर्यतीचे भाव असे धरा: 2/1 (म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर दोन नफा, आणि लावलेला परत), 5/2, 4/1, 5/1, 6/1, 8/1. त्यांचे टक्के काढले तर 33.3, 28.6, 20, 16.7, 14.3 आणि 11.1. बेरीज 124. म्हणजे सहाही कुत्र्यांवर या प्रमाणात 124 रुपये ठेवले, तर कोणीही जिंको, हातात येणार 100. फॉर्म वाचून आधी ही कसर भरून काढायची, मग नफ्याचं बोलायचं. शिवाय मला दिसलेली पहिल्या टप्प्याची वेळ तिथल्या प्रत्येकाला दिसलेलीच असते, म्हणून चांगल्या कुत्र्याचा भाव आधीच पडलेला असतो. माझ्या वहीत बरोबर आलेल्या नावांची संख्या वाढत गेली, शिल्लक मात्र उण्यातच राहिली.

टेलिग्रामवर ‘पक्की टीप’ विकणारे भेटतात. त्यातल्या एकाच्या फुकटच्या टिपा मी वहीत उतरवल्या होत्या. बहुतेक वेळा त्यानं फेव्हरिटचंच, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या कुत्र्याचंच, नाव दिलेलं असायचं, जे कार्डावर कोणालाही दिसतं. त्याला महिन्याची फी कशाबद्दल द्यायची?

सुरुवात करायची असेल तर एकच ट्रॅक धरा, म्हणजे तिथली वळणं आणि वेळा अंगवळणी पडतात. ऑस्ट्रेलियाचं कार्ड इतक्यात उघडू नका. तिथे कुत्रे आठ, आणि पट्ट्यांचं जॅकेट 2 नंबरला, निळं 4 ला. दोन्ही देशांच्या शर्यती एकाच दिवशी बघितल्या की पडद्यावर आपला कुत्रा कोणता तेच समजत नाही.