शनिवारी सगळं उरकावं की दोन्ही दिवसांत वाटून घ्यावं?

सुट्टीचे दोन दिवस समोर आले की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, शनिवारी कंबर कसून सगळं उरकू आणि रविवार अख्खा मोकळा ठेवू. दुसरा म्हणतो, घाई कशाला, थोडं आज, थोडं उद्या. मी दोन्ही पद्धतींनी बरेच महिने राहून पाहिलं आहे. माझा कौल शनिवारी उरकण्याकडे आहे, पण सरसकट नाही. स्वयंपाकाच्या बाबतीत तर तो उलटाच पडतो. (तुमची सुट्टी दुसऱ्या वारी असेल तर 'पहिला दिवस' आणि 'दुसरा दिवस' असं धरून वाचा.)

आधी कपडे आणि आवराआवर, कारण तिथे फारसा वाद नाही. शनिवारी सकाळी मशीन लावलं की कपड्यांना दिवसभराचं ऊन मिळतं, आणि आभाळ भरून आलंच तर रविवार हाताशी राहतो. रविवारी दुपारी धुतलेली जाड पँट सोमवारी सकाळी वरवर कोरडी दिसते, पण खिशाच्या आत आणि कमरेच्या शिवणीशी ओलसरच लागते. वाटून घेण्यात आणखी एक अडचण आहे. रविवारी निवांत बसलं तरी अर्धवट लावलेलं कपाट नजरेसमोरून हलत नाही. ही कामं शनिवारीच संपवा.

स्वयंपाकाचं गणित मात्र वेगळं आहे. आठवडाभराचं शनिवारीच शिजवून ठेवायचं, ही कल्पना ऐकायला छान वाटते. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला साधारण 3 ते 4 दिवस चांगलं राहतं. म्हणजे शनिवारी केलेलं मंगळवारपर्यंत, फार तर बुधवारपर्यंत पुरणार. त्यातला रविवार तर तुम्ही घरीच असता. रविवारी संध्याकाळी शिजवलंत तर तेच अन्न बुधवार-गुरुवारपर्यंत जातं, आणि जास्तीचं हवं असतं ते नेमकं त्याच दिवसांत. म्हणून इथे वाटून घेणारे बरोबर आहेत: आणणं, निवडणं, धुणं, चिरणं, कडधान्यं भिजत घालणं शनिवारी, आणि प्रत्यक्ष चूल रविवारी संध्याकाळी, तास-दीड तास.

ज्यांना रविवारी ओट्यापाशी उभंच राहायचं नाही, त्यांनी शनिवारी शिजवून एकेका जेवणापुरते डबे भरावेत आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवावेत. उणे 18 अंशांना अन्न सुरक्षित राहतं, चव तेवढी हळूहळू उतरत जाते. डब्यावर तारीख नक्की लिहा. गोठलेलं आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावं, ओट्यावर नाही.

एकदम भरपूर शिजवणाऱ्यांनी निवण्याकडे फार लक्ष द्यायला हवं. एका शनिवारी मी मोठं पातेलं भरून शिजवलं आणि ओट्यावर झाकून ठेवलं. झोपायच्या आधी हात लावला तर पातेलं बाहेरून गार होतं, पण मधोमध डाव घालून ढवळल्यावर वाफ वर आली. पाच-सहा तास ते अन्न कोमटच होतं. साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. सगळं टाकून द्यावं लागलं. पुन्हा उकळलं की झालं, असं नेहमी होत नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचं उलटीला कारण होणारं विष उकळूनही नष्ट होत नाही. तेव्हापासून मी अन्न पसरट, उथळ भांड्यांत वाढून घेते. त्यात ते लवकर निवतं.

आता झोप. दोन्ही पक्षांना शनिवार-रविवारी उशिरापर्यंत लोळायचं असतं. रोजची झोपेची वेळ आणि सुट्टीतली वेळ यांत पडणाऱ्या फरकाला संशोधकांनी 2006 मध्ये 'सोशल जेटलॅग' हे नाव दिलं. दोन्ही दिवस तीन-तीन तास उशिरा उठलं की शरीराचं घड्याळ मागे पडतं, रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारी डोकं जड होतं. जास्तीची झोप घ्यायचीच असेल तर शनिवारी तासभर घ्या आणि कामं थोडी उशिरा सुरू करा. रविवारी मात्र रोजच्या वेळेच्या आसपास उठा. लगेच कामाला लागायची गरज नाही, गॅलरीत किंवा खिडकीपाशी बसून राहिलात तरी चालेल. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांची पुरे.

बाहेर पडण्याच्या बाबतीत वाटून घेणाऱ्यांना तीन-चार तासांचे दोन तुकडे मिळतात. जवळचं उद्यान, वाचनालय, मित्राचं घर एवढं त्यात सहज बसतं. दूरची टेकडी किंवा नदीकाठी दिवसभर बसणं अख्ख्या मोकळ्या रविवारीच जमतं. तब्येतीचा विचार केला तर दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच आहेत. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या 2019 मधल्या अभ्यासात आठवड्याला निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं सांगितलं. ती मिनिटं एका दमात मिळाली की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. मग ठरवायचं ते सोबत कोण आहे यावर. लहान मूल किंवा थकलेले आईवडील बरोबर असतील तर अख्ख्या दिवसाची सहल कुणालाच झेपत नाही. अशा घरांनी दोन्ही दिवस अर्धे-अर्धेच ठेवावेत, त्यात काहीही कमीपणा नाही. एकटे राहणारे, दोघंच असणारे आणि ज्यांची मुलं मोठी आहेत, त्यांनी रविवार मोकळा ठेवावा.

शनिवारी सगळं संपणार नाही, हेही गृहीत धरा. राहिलेलं काम कागदावर उतरवा आणि त्यापुढे ते कधी करणार तेही लिहा: 'दिवा बदलणे, मंगळवारी जेवणानंतर'. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगांत असं दिसलं की अपुऱ्या कामाचा असा नेमका बेत आखला की ते काम मनात सारखं डोकावत नाही. माझी ही चिठ्ठी शनिवारी रात्री फ्रीजच्या दारावर लागते आणि रविवारी संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळेपर्यंत मी तिच्याकडे बघत नाही.