मानसशास्त्रात पीएचडी: जेआरएफ घेऊन इथं, की असिस्टंटशिप घेऊन अमेरिकेत?

मानसशास्त्रात एमए झालंय, पीएचडी करायची आहे आणि घरून पैसे मागायचे नाहीत. अशा विद्यार्थ्यापुढं खरे रस्ते दोनच. एक, नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप काढायची आणि पुणे, मुंबई, दिल्ली, जिथं गाईड मिळेल तिथं रुजू व्हायचं. दुसरा, अमेरिकेतल्या एखाद्या विभागाची असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात मिळणारा आधार, मिळवायची. नुसत्या रकमा पाहिल्या तर अमेरिकेचं पारडं जड दिसतं, पण मी रकमेवरून ठरवणार नाही. फी कोण भरतंय, पैसे कोणत्या महिन्यात हातात पडतात आणि पाच वर्षं संपल्यावर काय, हे आधी बघेन.

जेआरएफचे आकडे सरळ आहेत. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो झाल्यावर पुढची तीन वर्षं ४२,०००. पाच वर्षांचे २४ लाख झाले. घरभाडं वेगळं मिळतं, तेही केंद्राच्या शहरश्रेणीप्रमाणे: मुंबई-पुणे वरच्या श्रेणीत, नागपूर-नाशिक त्याखाली. मात्र विद्यापीठानं हॉस्टेल देऊ केलं आणि तुम्ही नाकारलं, तर घरभाड्यावरचा हक्क जातो.

खरी चणचण काँटिन्जन्सीची, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या वार्षिक रकमेची असते. मानसशास्त्राला सामाजिक शास्त्रांचा दर लागतो: पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. बुद्धिमापनाच्या परदेशी चाचणीचा संच घ्यायचा म्हटलं तर हे पैसे पहिल्याच खरेदीत संपतात. उत्तरपत्रिका पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात, सहभागी व्हायला आलेल्यांना निदान बसभाडं तरी द्यावं लागतं. आपल्याकडचे इतके प्रबंध फुकटात मिळणाऱ्या प्रश्नावल्यांवर का उभे असतात, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी या दहा हजारांत आहे. प्रयोगशाळेतलं काम करायचं असेल तर गाईडकडे प्रकल्पाचा वेगळा निधी आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

दुसरी गोष्ट, जेआरएफ पैसे देते, जागा देत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. चांगल्या गाईडच्या जागा भरलेल्या असतात आणि हातात जेआरएफचं पत्र घेऊन मुलं विभागांचे जिने झिजवतात. जागा मिळाली की कॅनरा बँकेच्या पोर्टलवर नोंद होते. मग दर महिन्याला विद्यापीठातल्या एकानं तुमची हजेरी भरायची आणि दुसऱ्यानं ती मंजूर करायची. हे झालं नाही तर त्या महिन्याचे पैसे अडकतात, पुढे कधीतरी थकबाकी म्हणून एकरकमी येतात. म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च गाठीला असल्याशिवाय घर सोडून दुसऱ्या शहरात जाऊ नये. रक्कम कागदावर कितीही पक्की असली तरी ती हातात पडेपर्यंत उसनवारीवरच भागवावं लागतं.

वयाची अट ३० वर्षांची आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट आहे.

जेआरएफ हुकली तर? राज्य सरकारच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आहे. फेलोशिप जेआरएफच्या धर्तीवरच, पण जाहिराती ठरल्या वेळी निघतील याचा भरवसा नाही आणि पूर्ण रकमेसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलेलं आहे. आयसीएसएसआर, म्हणजे केंद्राची सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, दोन वर्षं महिना २०,००० देते. केंद्रीय विद्यापीठांतली नॉन-नेट फेलोशिप ८,००० रुपयांची, तिला आधार म्हणणंही जड जातं. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागात मानसशास्त्रात पीएचडी करता येते आणि तिथली टीचिंग असिस्टंटशिप मला जेआरएफच्या खालोखाल भरवशाची वाटते.

आता अमेरिका. तिथं संशोधनाच्या पीएचडीत ट्यूशन माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो. विद्यापीठानुसार तो साधारण वर्षाला वीस ते चाळीस हजार डॉलरच्या दरम्यान असतो. बदल्यात पदवीच्या वर्गांच्या उत्तरपत्रिका तपासा, स्टॅटिस्टिक्सची लॅब घ्या, नाहीतर प्राध्यापकाच्या ग्रँटवर संशोधन सहायक व्हा. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, म्हणजे वरकड कमाईचा विचार सोडून द्या.

ऑफर लेटर दोनदा वाचा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? नऊ महिन्यांचे २४,००० डॉलर वर्षभर पुरवायचे म्हणजे महिन्याला दोन हजारच, आणि उन्हाळ्यात खात्यात काहीच येत नाही. ट्यूशन माफ झाली तरी ‘फीज’ नावाचा वेगळा आकडा भरावा लागतो का? आरोग्यविमा कोण भरतं? एक दिलासा आहे: भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणजे कर लावण्याआधी उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम वजा होते. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही.

आपल्याला बंद असलेली दारंही पाहून ठेवा. नॅशनल सायन्स फाउंडेशनची वर्षाला ३७,००० डॉलरची ग्रॅज्युएट फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. त्यामुळे आपला विद्यार्थी पूर्णपणे विभागाच्या आणि गाईडच्या ग्रँटच्या भरवशावर असतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्रँटना कात्री लागली तेव्हा कित्येक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या. क्लिनिकलमध्ये, म्हणजे रुग्णांवर उपचार करण्याच्या शाखेत तर आणखी अडचण आहे: शेवटच्या इंटर्नशिपच्या मोठ्या ठिकाणांपैकी माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं फक्त नागरिकांना घेतात.

सुरुवातीचे पैसेही पदरचेच जातात. अर्जांचं शुल्क, काही विभागांना लागणारी जीआरई ही प्रवेशपरीक्षा, परदेशी विद्यार्थ्याच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर सेव्हिस फी, व्हिसा, विमान, घराची अनामत. पहिला स्टायपेंड येईपर्यंत दोन-तीन लाख सहज उडतात. त्यासाठी मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती बघा, ती १८९२ पासून चालू आहे.

साय.डी., म्हणजे संशोधनापेक्षा उपचाराच्या कामावर भर देणारी डॉक्टरेट, आणि स्वखर्चाचं मास्टर्स यांची या दोन रस्त्यांशी तुलना मला मान्यच नाही. साय.डी.त बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ होत नाही. बँकेचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात, म्हणजे आईवडिलांचं घर किंवा जमीन. डॉलरमध्ये शिकून रुपयांत फेडायचं असेल तर मी कुणालाही हा सल्ला देणार नाही.

इथं अनेकांची गल्लत होते ती अशी: विद्यापीठातली जेआरएफवाली पीएचडी तुम्हाला भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करत नाही. त्यासाठी पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. बंगळुरूच्या निमहान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेत त्यासाठी विद्यावेतन मिळतं, तर खासगी संस्थेत तुम्हालाच फी भरावी लागते. पेशंट बघायचे असतील तर जेआरएफ आणि अमेरिका दोन्ही बाजूला ठेवून आधी या जागांच्या मागे लागा.

संशोधनच करायचं असेल, तर माझा कौल असा: बारा महिन्यांचा स्टायपेंड, विमा आणि पाच वर्षांची लेखी हमी असेल तर अमेरिका, यातलं एक जरी कमी असेल तर जेआरएफ. दोन्हींची तयारी एकाच वर्षात बसते. नेट जून आणि डिसेंबरच्या सत्रात असते, अमेरिकेचे अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमारास जातात आणि बहुतेक विभागांना उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. त्याआधी विभागातल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला मेल टाकून एवढंच विचारा: उन्हाळ्यात भाडं कशातून भरता, आणि सहाव्या वर्षी पैसे कोण देतं?