क्रूझ: सगळं धरून घ्यावं की नुसतं भाडं भरावं?

सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा 'ऑल इन्क्लुझिव्ह' पॅकेज घेतलं होतं. दुसऱ्यांदा नुसतं भाडं भरलं आणि बाकीचं जहाजावर लागेल तसं दिलं. तेव्हापासून ओळखीत कुणी निघालं की मला फोन येतो: "दोन्ही केलंयस ना, मग कुठलं घेऊ सांग." मी प्रत्येकाचं बघून वेगवेगळं उत्तर देतो असा माझा समज आहे. बायको म्हणते, मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, फक्त वेगवेगळ्या शब्दांत.

पासपोर्ट, विमान, विमा हे सगळं तुम्ही पाहालच, त्यात शिरत नाही. एवढंच बघा की सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे. जहाज मलेशियातल्या पेनांगला जाऊन परत येतं, तेव्हा तो तुमचा सिंगापुरातला दुसरा प्रवेश असतो.

आता 'सगळं धरून' म्हणजे नेमकं काय काय? इथेच पहिली गफलत होते. मोठ्या जहाजांवर नुसत्या भाड्यातच बरंच काही येतं: खोली, मुख्य डायनिंग हॉल, बुफे, पोहण्याचे तलाव, रात्रीचे कार्यक्रम, मुलांचा क्लब. पॅकेजमध्ये त्याच्यावर दारू, इतर पेयं, वायफाय आणि कर्मचाऱ्यांची टिप अशी भर पडते, आणि तीही प्रत्येक कंपनीत वेगळी. प्रिन्सेस कंपनीच्या 'प्लस' पॅकेजमध्ये दिवसाला पंधरा पेयांची मर्यादा असते. व्हर्जिनच्या जहाजांवर साधं वायफाय भाड्यातच धरलेलं असतं, पण तिथे अठराच्या खालच्यांना प्रवेशच नाही, म्हणजे मुलांवाल्यांचा प्रश्न मिटला. खऱ्या अर्थाने सगळं धरून म्हणावं असं रीजंटसारख्या कंपन्यांकडे मिळतं, तिथे किनाऱ्यावरच्या सहलीही भाड्यात असतात. पण ते भाडं ऐकल्यावर आपण विषय बदलतो.

म्हणून मी ज्याबद्दल लिहितोय ते मधलं प्रकरण आहे: मोठं जहाज, पाच हजारांच्या आसपास माणसं, आणि बुकिंग करताना समोर येणारे दोन पर्याय.

आकडे आमच्या वेळचे सांगतो. दर सारखे बदलतात, त्यामुळे ते अंदाजापुरतेच घ्या. पेयांचं पॅकेज माणशी दिवसाला ७० अमेरिकी डॉलर. त्यावर १८ टक्के सेवा शुल्क, जे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. चार दिवसांचे ३३० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर माणशी साधारण २८,००० रुपये. सुटी बिअर घेतली तर सेवा शुल्कासकट दहा डॉलरच्या आसपास पडत होती. म्हणजे पैसे वसूल व्हायला दिवसाला आठ पेयं प्यायला हवीत, रोज, पेनांगला उतरून सहा तास भटकायचं त्या दिवशीसुद्धा. दारू न पिणाऱ्याने कॉफी, ताजे रस आणि मॉकटेल धरले तरी गणित फारसं सुधारत नाही. आठ कॉफ्या प्यायल्यावर झोपायचं कधी?

टिप दोन्हीकडे द्यावीच लागते, पॅकेजात ती आधीच धरलेली असते म्हणून वेगळी दिसत नाही. माणशी रात्रीला १८ डॉलरच्या आसपास, आणि लहान मुलाचीही तेवढीच. आम्ही तिघं, चार रात्री: २१६ डॉलर, म्हणजे अठरा हजारांच्या वर. नुसतं भाडं बघून 'अरे, केवढं स्वस्त!' म्हणणाऱ्यांनी ही रक्कम तिथल्या तिथे पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवावी. बंदराचे करही पाहावेत, ते कधी भाड्यात असतात, कधी नसतात.

इथपर्यंतचं गणित सातवीतलं मूलही करेल. माझा निर्णय त्यावर झाला नाही. तो झाला एका नियमावर.

नियम असा की एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ते घ्यायचं. एकाने घेऊन दोघांनी पिऊ नये म्हणून. बऱ्याच अमेरिकी कंपन्यांत हा नियम आहे आणि त्यामागचं कारण मला पटतंही. पण आमच्या घरात मी संध्याकाळी दोन बिअर घेणारा आणि बायको कोकम सरबताच्या पलीकडे न जाणारी. तिच्यासाठी अठ्ठावीस हजार भरायचे म्हणजे कोकमाचं झाड विकत घेण्यासारखंच.

पहिल्या खेपेला आमच्यासोबत मेहुणी, साडू आणि त्यांची मुलगी होती. त्यांच्याकडेही हीच परिस्थिती. एजंटने युक्ती सुचवली: "दोघं साहेब एका खोलीत दाखवू, दोघी मॅडम आणि मुलं दुसऱ्या खोलीत. पॅकेज फक्त साहेबांचं. आत गेल्यावर तुम्ही हवं तसं राहा." आम्हाला वाटलं, काय डोकं आहे! छप्पन हजार वाचले म्हणून त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायलाही गेलो.

जहाजावर गेल्यावर कळलं की आमची खोली दोन माणसांचीच आहे. आतली, बिनखिडकीची. बायकांची चार जणांची, बाल्कनीची. आता अदलाबदल करायची तर मुलाला झोपायला जागा नाही, कारण जास्तीचे पलंग फक्त मोठ्या खोलीत. लाइफ जॅकेटही खोलीतल्या माणसांच्या हिशेबाने. आणीबाणीत कुठे जमायचं ती जागा कार्डावर छापलेली, आणि ती आमची आणि बायकांची वेगवेगळी. पहिल्याच दुपारी सक्तीची कवायत झाली. माझा मुलगा आईबरोबर एका टोकाला, मी साडूबरोबर दुसऱ्या टोकाला. मुलाने नंतर विचारलं, "बाबा, बोट बुडाली तर तू काकांबरोबर जाणार?"

तर चार रात्री मी आणि साडू, बिनखिडकीच्या खोलीत. दिवा घालवला की स्वतःचा हात दिसत नाही, सकाळ झाली हे फक्त फोनवर कळतं. आणि साडू घोरतात. त्यांच्या मते मीही घोरतो. तिकडे दोघी बहिणी बाल्कनीत पाय वर घेऊन समुद्र बघत, घरून नेलेला चिवडा खात बसलेल्या.

बरं, ज्या पॅकेजसाठी हे सगळं केलं, त्याचं काय? एका वेळी एकच पेला मिळतो. दुसऱ्यासाठी घेतलेला चालत नाही. बायकोने माझ्या पेल्यातला अननसाचा रस चाखला तेव्हा मी बारवाल्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने मी याआधी फक्त तिकीट तपासनीसाकडे बघितलं होतं, तेही पास संपलेला असताना. तिसऱ्या रात्री, साडेअकराला, पोट गच्च भरलेलं असताना साडू म्हणाले, "आज आपले सहाच झालेत." आम्ही उठून बारकडे गेलो. त्या क्षणी मला स्वतःची दया आली.

यात चूक कुणाची? एजंटची थोडी, आमची बरीच. दोन्ही जोडपी सरळ पॅकेज घेऊन आपापल्या खोल्यांत राहिलो असतो तर कदाचित हा लेख उलटा लिहिला असता. हे मान्य करायला हवं. पण माझ्या मनात 'सगळं धरून' म्हटलं की अजूनही ती अंधारी खोलीच येते, त्याला इलाज नाही.

सासरे हे ऐकून खूप हसले. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने गावी जायचे. "डेकवर वळकटी पसरायची, डबा घरचा, पाणी घरचं. उलटी तेवढी वाटेत व्हायची," असं त्यांचं सगळं धरून.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंच गेलो. बाल्कनीची खोली, नुसतं भाडं. टिप आधीच भरून टाकली, कारण ती सुटणारी नव्हती. बाकी काहीच नाही.

उतरताना बिल आलं २१० डॉलर. त्यात माझ्या बिअर, बायकोच्या चांगल्या कॉफ्या आणि मुलाचे दोनतीन रंगीत सरबतांचे हट्ट मिळून १३० डॉलर, आणि एका फोनपुरतं वायफाय ८०. मिळून अठरा हजारांच्या आत. पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबाचं सरबत बुफेला फुकट होतंच. चहा आपल्याला चालेल असा नसतो, गरम पाणी आणि पिशवी, पण तो पॅकेजवाल्यांनाही तसाच मिळतो. तिथे समता आहे.

या पद्धतीचाही त्रास आहे, लपवत नाही. पहिला त्रास कार्डाचा. चढताना जहाजाच्या खात्याला कार्ड जोडावं लागतं. फोरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून घेतलेलं) जोडलंत तर त्यातली रक्कम अडकवून ठेवतात आणि ती मोकळी व्हायला प्रवासानंतर काही दिवस जातात. नेमके तेच पैसे सिंगापुरात शेवटच्या दिवशी हवे असतात. खात्याला क्रेडिट कार्ड द्यावं आणि फोरेक्स किनाऱ्यासाठी ठेवावं. दुसरा त्रास मनाचा: दर वेळी कार्ड टेकवताना आकडा डोक्यात येतो. मी रोज रात्री टीव्हीवर खातं उघडून बघायचो. बायकोने तिसऱ्या दिवशी रिमोट लपवला. पॅकेजच्या खेपेला हे नव्हतं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. शिवाय पॅकेजचे पैसे इथे, रुपयांत, आधी देऊन मोकळं होता येतं. एजंट टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर आधीच गोळा होणारा प्राप्तिकर) घेतो तो विवरणपत्र भरताना वळता होतो, फक्त भरताना ते लक्षात ठेवायचं.

फोनचं मात्र दोन्हीकडे सांभाळा. भर समुद्रात फोन जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला आपोआप चिकटतो, आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये जहाज सहसा धरलेलं नसतं. चढल्याबरोबर एअरप्लेन मोड.

किनाऱ्यावरच्या सहलींबद्दल माझं मत बंदरागणिक बदलतं. पेनांगला जहाजाची सहल घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. स्वेटनहॅम धक्क्यावर उतरलं की समोरच जॉर्ज टाउन. कॉर्नवॉलिस किल्ला पायी, लिटल इंडिया पायी, आणि पाय दुखले तर गावात फिरणारी फुकटची बस. केळीच्या पानावरचं जेवण जेवून तिघांचा दिवस जहाजावरच्या दोन बिअरांच्या पैशांत झाला. फुकेटला उलट. आमचं जहाज पाटोंगसमोर नांगर टाकून उभं राहिलं आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर सोडलं. सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात, आम्ही सव्वा तास जिन्यात उभे. आणि एक धोका: थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत होतं, फोन किनाऱ्यावर गेल्यावर थाई वेळ दाखवायला लागला. एक तास जास्त आहे असं वाटतं, आणि तो नसतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीला झाला तर ते हात हलवत निघून जातं. साधं हातातलं घड्याळ न्या आणि त्याला हात लावू नका.

मग पॅकेज कुणी घ्यावं? चार मित्र निघालेत आणि चौघंही पिणारे, तर नक्की. सात रात्रींची सफर आणि त्यात तीन-चार दिवस नुसता समुद्र, बंदरच नाही, तरीही विचार करण्यासारखं आहे. बंदराच्या दिवशी तुम्ही जहाजावर नसताच, पण पॅकेजचं मीटर चालूच असतं. त्यामुळे किंमत बघण्याआधी वेळापत्रकात समुद्राचे दिवस मोजा. आणि बिल बघून ज्यांचा रक्तदाब वाढतो, त्यांनीही घ्यावं, औषधापेक्षा स्वस्त पडेल.

बाकी एक पिणारा, एक न पिणारा, मुलं आणि कदाचित आजी-आजोबा, असं आपल्याकडचं नेहमीचं कुटुंब असेल, तर मी आपला नुसतं भाडं, आधी भरलेली टिप आणि बाल्कनीची खोली, याच बाजूचा. वाचलेल्या पैशांत आतल्या खोलीची बाल्कनी होते, आणि पहाटे साडेपाचला पेनांगचे दिवे दिसायला लागतात तेव्हा मुलाला उठवून बाहेर आणता येतं. हे मत माझ्या एका वाईट अनुभवाने रंगलंय हेही कबूल.

साडूंचं मत बदललेलं नाही. पुढच्या डिसेंबरला ते सात रात्रींचं, सगळं धरून, बुक करतायत, आणि या वेळी मेहुणीचंही पॅकेज घेणार आहेत. आम्हालाही चला म्हणतायत. आम्ही जाऊ बहुतेक. एजंटला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही. म्हटलं, खोलीत कुणाकुणाची नावं टाकणार आहात ते आधी लिहून पाठवा.